रिकामं पाणी

माझी पहिली नेमणूक मत्स्यव्यवसाय खात्यात झाली, तेव्हा घरात पेढे वाटायचे की गप्प बसायचं, हे कुणाला ठरवता येईना. आम्ही सांगलीतले जैन. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी. नोकरी सरकारी होती, गावातच होती, पण खातं माशांचं. शेवटी आईनेच मार्ग काढला. कुणी विचारलं तर मुलगी शेतीखात्यात आहे असं सांगायचं.

ही गोष्ट पुढे कधीतरी आमच्या ऑफिसचे प्रमुख बनसोडे साहेब यांच्या कानावर गेली. मी ओशाळले. साहेब मात्र विचारात पडले आणि म्हणाले, "आईंचं बरोबर आहे. मासे ही शेतीच. आपल्या खात्यातल्या लोकांनाही हे कळायला वेळ लागतो." ते थट्टा करत नव्हते. थट्टा हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं ऑफिस विश्रामबागेच्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. खाली कीटकनाशकांचं दुकान होतं. विचारपूस करायला येणारे निम्मे शेतकरी त्या दुकानात जायला निघालेले असत आणि चुकून जिना चढत. जिल्हा उसाचा. जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या खात्याची पाळी शेवटी येई, तोवर चहा संपलेला असे आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत. उरलेल्या निम्म्या लोकांना उद्देशून साहेब उभे राहात आणि सांगत, की देशात मत्स्योत्पादनास प्रचंड वाव आहे.

हे वाक्य वरून येणाऱ्या प्रत्येक परिपत्रकात असे. मी ते इतक्या वेळा टाइप केलं होतं की बोटं आपोआप चालत. लिहिणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास होता की नाही, सांगता येत नाही. साहेबांचा होता. त्यामुळे गावोगाव लोक त्यांना 'वाव साहेब' म्हणत. साहेबांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे.

साहेब उंच, किडकिडीत, रंगाने काळे. डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत बटण लावलेली आणि उजवी कोपराच्या वर दुमडलेली. बारा महिने, लग्नात, बैठकीत, झेंडावंदनाला. कारण कुठलंही पाणी दिसलं की ते काठावर पालथे पडून उजवा हात कोपरापर्यंत आत घालत आणि तळवा दिसतो का ते बघत. तळवा स्वच्छ दिसला तर पाण्यात माशाला खायला काही नाही. दिसेनासा झाला तर पाणी तयार आहे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला त्यांना बोलावलं होतं, तेव्हा मांडवामागच्या विहिरीपाशी ते असे पालथे पडलेले पाहून वरपक्षाने धावाधाव केली होती. साहेबांनी उठून हात पुसला, अहेर दिला आणि यजमानांना सांगितलं की एवढं पाणी रिकामं ठेवू नये.

रिकामं पाणी हा त्यांचा शब्द. आम्हाला भरलेली विहीर दिसे, त्यांना ती रिकामी दिसे.

ते मूळचे उंब्रजजवळचे. वस्तीवरचं बौद्ध कुटुंब, तीन एकर जमीन. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नसे त्या काळात त्यांच्या वडिलांनी रानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातांनी विहीर खणली होती. साहेब हे सांगताना विहिरीची खोली सांगत, खडक कुठे लागला ते सांगत. गावच्या विहिरीबद्दल पुढे काही बोलत नसत. मीही कधी विचारलं नाही.

त्या विहिरीमुळेच त्यांना एकदा मेमो मिळाला. साताऱ्याकडच्या एका धरणाखाली मत्स्यबीज केंद्र होतं. तिथून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली माशांची पिल्लं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि ऑक्सिजन भरून आणावी लागत. आमची जीप तेव्हा शिरवळच्या गॅरेजमध्ये एका सुट्या भागाची वाट बघत उभी होती, म्हणून साहेब पिशव्या घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं. साहेबांनी खरं ते सांगितलं. कंडक्टर म्हणाला, जिवंत आहेत म्हणजे सामान धरता येणार नाही आणि माणसं नाहीत म्हणजे तिकीट फाडता येणार नाही. त्याने पुस्तक चाळलं. कोंबडीचा दर होता, बकरीचा होता, माशाचा नव्हता. साहेबांनी त्याला, तुमच्या महामंडळाने हा दर ठरवून घ्यावा, पुढे लागणार आहे, असं सुचवलं. शेवटी कोंबडीच्या दराने तडजोड झाली.

उंब्रजच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुसरी गाडी येईना, ऊन चढलं, पिशव्यांतली पिल्लं तोंड वर काढू लागली. साहेबांनी रस्त्यावरची बैलगाडी थांबवली, पिशव्या चढवल्या आणि सरळ घरी जाऊन सगळं शासकीय मत्स्यबीज वडिलांच्या विहिरीत सोडून दिलं. वडील तेव्हा हयात नव्हते. आई काठावर उभी होती. तिने विचारलं, "ह्ये आता कुणाचं?" साहेब म्हणाले, सरकारचं. ती म्हणाली, मग सरकारला सांग, म्हातारीला प्यायला पाणी दुसरीकडनं आणून दे.

शासकीय मालमत्ता नातेवाइकाच्या विहिरीत ठेवल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. साहेबांनी तो एका वाक्यात दिला: विहीर वाटेत होती. पुढचे दोन रविवार त्यांनी आणि त्यांच्या भावाने मच्छरदाणीच्या कापडाने बोटुकली पुन्हा धरली आणि जिथे न्यायची होती तिथे नेली. थोडी विहिरीतच राहिली. ती राहू द्या, असं आईनेच सांगितलं म्हणे. तिला त्यांची सवय झाली होती.

जिथे न्यायची होती ते गाव म्हणजे तासगावकडचं बोरजाईवाडी. गावाला एक तळं होतं. त्यातल्या मासेमारीचा ठेका ग्रामपंचायत देत असे, म्हणजे द्यायला तयार असे. घेणारं कुणी नव्हतं. साहेबांनी तिथल्या बौद्ध वस्तीत जाऊन सात-आठ बैठका घेतल्या आणि संस्था काढायला लावली. अध्यक्ष कोण, यावर पुरुषांचं एकमत होईना, म्हणून हौसाबाईंना अध्यक्ष केलं. तात्पुरतं, असं ठरलं होतं. हौसाबाई चाळिशीच्या, नवरा वारलेला, दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. त्यानंतर अध्यक्ष बदलायचा विषय कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

सरपंच सैन्यातून आलेले निवृत्त हवालदार होते. गाव त्यांना हवालदारच म्हणे. त्यांनी ठेक्याच्या कागदावर हसत सही केली. तळ्यात मासे वाढवायचे तर शेण टाकायचं, सुपर फॉस्फेट टाकायचं, हे ऐकून गावाची चांगली करमणूक झाली. वाव साहेब पाण्यात खत घालतोय, उद्या खुरपायला बायका लावंल, असं लोक बोलत. साहेब म्हणत, खुरपणी लागते, पाणगवत काढावं लागतं, तुमचं बरोबर आहे.

मासे वाढले. संध्याकाळी खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं दिसे, आणि ते बघायला गाव बांधावर येऊ लागलं. मग हसणं थांबलं. आधी कुणीतरी म्हणालं की पाण्याला वास येतोय. मग जनावरं तोंड लावत नाहीत असं झालं. मग वस्तीतली माणसं सारखी पाण्यात उतरतात, हे निघालं. ते तळं प्यायच्या पाण्याचं नव्हतं, गावाला नळ होता. शेवटी ग्रामपंचायतीने ठराव केला: तळ्यातील सर्व मासे तात्काळ काढून टाकण्यात यावेत.

हौसाबाई ठरावाची प्रत घेऊन ऑफिसात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. साहेबांनी ठराव दोनदा वाचला, मग मला बोलावून उत्तर सांगितलं. खातं ठरावाशी सहमत आहे. ठरावाची अंमलबजावणी संस्थेने करावी. खातं मार्गदर्शन करील. मी टाइप करताना त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मासे काढायच्या वजनाला आले होते, हे मला नंतर कळलं.

जाळं टाकायच्या दिवशी पंचनामा लिहायला म्हणून मीही गेले. नदीकाठचे भोई मोठं जाळं घेऊन आले होते. सगळं गाव बांधावर होतं. जाळं गोल फिरवून काठाशी आणलं आणि पाणी चांदीसारखं होऊन उसळलं. मी जन्मात पहिल्यांदा इतके मासे एका ठिकाणी पाहिले. मला वाटलं होतं मला किळस येईल. तसं काही झालं नाही, एवढं मी सांगू शकते.

हवालदार पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, काढून टाका म्हणजे बंद करा, असं म्हणायचं होतं आमाला."

"ठरावात तसं नाही," साहेब म्हणाले. "काढून टाका असं आहे. काढले. आता टाकायचे कुठं, तेवढं लेखी द्या."

हवालदारांनी माशांकडे पाहिलं. काठावर कटला जातीचा एक मासा तडफडत होता, तो लहान मुलाएवढा होता. मग हवालदार कुणाला तरी म्हणाले की आसामात असताना हा मासा मोहरी घालून करायचे. मागच्या माणसाने विचारलं, मोहरी फोडणीत की वाटून. थोड्या वेळाने बांधावर रांग लागली. पातेली आली, घमेली आली. हवालदारांच्या घरून पितळी घागर आली. मासा त्यात शेपटीकडून जाईना, तेव्हा ती परत नेऊन टोपली आणली. एकाने साहेबांना विचारलं, चवीला कसा असतो. साहेब म्हणाले, थोडा चिखलासारखा लागतो, मीठ लावून धुतला की वास जातो. खोटी जाहिरात त्यांच्याकडून झाली नसती. तरीही दुपारपर्यंत सगळे मासे विकून संपले. पाण्याच्या वासाचा विषय त्यानंतर गावात निघाला नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी ठेक्याचा लिलाव होता, आणि पहिल्यांदाच त्याला माणसं आली. हवालदारांच्या पुतण्याने दोन मित्रांना घेऊन बोली लावली. हौसाबाईंच्या संस्थेला तेवढं चढता आलं नाही. लिलाव नियमाप्रमाणे झाला, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तळं गेलं. आणि पुतण्या दुसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसात आला, कारण मासे कसे वाढवायचे हे त्याला माहीत नव्हतं. साहेबांनी त्याला खत किती, चुना किती, खाद्य कुठल्या वेळी, सगळं सांगितलं. जितक्या मनापासून वस्तीत सांगितलं होतं, तितक्याच मनापासून.

हे हौसाबाईंना कळलं आणि त्या आल्या. मी चहा मागवला. तो त्यांनी तसाच ठेवला.

"तुमी त्यास्नी पण शिकवताय व्हय?"

साहेब म्हणाले, पाणी रिकामं ठेवायचं नाही, मग ते कुणाचंही असू दे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते जरा हळू आलं.

हौसाबाई म्हणाल्या, "तुमचा धंदा वाढला सायब. त्यो वाढावा म्हणूनच तुमी आलावता. पर आमी त्या पाण्यात पाय बुडवला तवा कुटं ते भरलेलं दिसाय लागलं लोकास्नी. त्याच्या आदी आमच्या आज्याला काठावर उभं ऱ्हाऊ देत न्हवती. तुमाला ठावं हाय. तुमी आमच्यातलं."

हौसाबाई पदर खोचून जिना उतरून गेल्या.

त्या महिन्याचा अहवाल साहेबांनी मला सांगितला तो असा: बोरजाईवाडी येथे स्थानिकांचा सहभाग वाढला आहे. मी पुढच्या, 'प्रचंड वाव'च्या वाक्यासाठी बोटं तयार ठेवली. ते पुढचं वाक्य आलं नाही. एवढंच, म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस ते ऑफिसात आले की तालुक्यांचे नकाशे काढून बसत आणि दुपारी कुणालाही न सांगता मोटारसायकल घेऊन जात. चपराशी म्हणाला, साहेबांचं काहीतरी बिनसलंय. मला तसं वाटत नव्हतं. ते पाणी शोधत होते.

ते सापडलं बोरजाईवाडीच्याच पाठीमागे, माळावर. रस्त्याच्या कामासाठी दगड काढून ठेकेदाराने सोडून दिलेली खाण. चारी बाजूंनी उभे कडे, खाली हिरवंगार पाणी. गुरं पडतात म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलेलं. कुणाला नको असलेलं पाणी. तहसीलमधला कारकून म्हणाला, ही कागदोपत्री खाण आहे, खाणीत मासेमारीची परवानगी देता येत नाही. आधी ते तळं आहे हे ठरायला हवं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी खाणीतल्या पाण्याची बाटली नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली. कारकुनाने बाटली उचलली, बघितली, बाजूला ठेवली. बाटली तिथे पुष्कळ दिवस राहिली. साहेब दर सोमवारी जाऊन तिच्यातलं पाणी बदलून येत. शेवटी कारकून कंटाळला की त्याला पटलं, माहीत नाही, पण कागद झाला, आणि संस्थेच्या नावावर झाला.

हौसाबाई खांद्यावर जाळं टाकून, वस्तीतल्या दोघांना घेऊन खाण बघायला आल्या त्या नाखुशीनेच. आम्ही कडेने बांधलेल्या दोराने खालच्या टप्प्यावर उतरलो. म्हणजे ते उतरले, मी वर उभी राहिले. साहेब नेहमीप्रमाणे पालथे पडले आणि उजवा हात पाण्यात घातला. पाणी खाली होतं, हात पोचेना. ते आणखी पुढे सरकले आणि डोकं खाली, पाय वर असे आत गेले.

साहेबांना पोहता येत नव्हतं. नेमणुकीच्या नियमांत तशी अट नव्हती. ते एकदा वर आले, काही न बोलता पुन्हा खाली गेले. वस्तीतल्या दोघांनी उड्या टाकल्या, हौसाबाईंनी खांद्यावरचं जाळं फेकलं, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून टप्प्यावर घातलं. ते बराच वेळ खोकत राहिले. हौसाबाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या. खोकला थांबल्यावर साहेबांनी पहिलं वाक्य काढलं.

"आत डोळे उघडून बघितलं," ते म्हणाले. "तळवा दिसत नाही. बोटुकली सोडायला हरकत नाही."

हौसाबाई खाली बसल्या आणि हसू लागल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "कवा सोडायची?"

खाणीत मोठं जाळं चालत नसे, तळाला दगड होते. उभी जाळी लावून थोडे थोडे मासे काढावे लागत. पण ते वर्षभर मिळत, आणि त्या पाण्याचा लिलाव नव्हता. पुढे पुढे वस्तीतल्या बायका टोपल्या घेऊन तासगावच्या बाजारात बसू लागल्या. पुतण्याचं तळंही चाललं. शेजारच्या दोन गावांनी आमच्याकडे बोटुकलीची मागणी नोंदवली. जिल्ह्याच्या बैठकीत आमची पाळी चहाच्या आधी आली, एकदा.

मग साहेबांची बदली झाली. ते एकाच समाजाचं काम करतात अशी तक्रार गेली होती, असं ऐकलं. तक्रार कुणाची, ते कळलं नाही. बदली भंडाऱ्याला. लांब म्हणून सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. साहेब मात्र नकाशा घेऊन आले आणि मला दाखवू लागले. त्या जिल्ह्यात निळे ठिपके इतके होते की कागदावर शाई सांडल्यासारखी दिसत होती. तिथे सगळीकडे तळी आहेत आणि लोकांना मासे माहीत आहेत, असं ते म्हणाले. मी विचारलं, मग तिथे तुम्ही करणार काय. यावर ते अस्वस्थ झाले. हा विचार त्यांनी केलेला दिसत नव्हता.

सांगली स्टेशनवर त्यांना सोडायला आम्ही ऑफिसातले चौघे होतो. नागपूरकडची गाडी. एक ट्रंक, एक वळकटी, एक पाण्याचा तांब्या. बोरजाईवाडीहून कुणी आलं नव्हतं. मला ते लागलं आणि मी तसं बोलले. साहेब म्हणाले, आज खाणीत जाळी काढायचा दिवस आहे, काम टाकून कुणी आलं असतं तर मीच रागावलो असतो. हे सांगताना ते फलाटाच्या जिन्याकडे बघत होते. गाडी येईपर्यंत तिकडेच बघत होते.

गाडी आली, ट्रंक चढली, साहेब दारात उभे राहिले. शिट्टी झाली, गाडी हलली. तेवढ्यात जिन्यावरून हौसाबाई आल्या. गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं, डोक्यावर पोतं, पळत. डबा पुढे गेला होता. पोचता येणार नाही हे त्यांना दिसलं तशा त्या फलाटाच्या मधोमध थांबल्या, पोतं खाली टाकलं, आतून एक कटला काढला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. त्याला उचलताना त्यांना त्रास होत होता. शेपटी त्यांच्या खांद्यापर्यंत आली होती.

साहेब दारातून इतके बाहेर वाकले की आतल्या कुणीतरी त्यांचा सदरा धरला. ते काहीतरी ओरडले. चाकांच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. हौसाबाईंना आलं असावं, कारण त्यांनी मासा तसाच धरून उत्तर दिलं, "आजून लय हाईत आत!"

साहेब तसेच वाकून बघत राहिले. गाडीने वळण घेतलं तेव्हा शेवटी दिसला तो त्यांचा डोळ्यांवर धरलेला हात.

हौसाबाईंनी मासा खाली घेतला. मग त्यांनी मासा पोत्यात घातला, पोत्याचं तोंड आवळलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब आणलाय तर इकूनच जाते. हितला मासळी बाजार कुटं भरतोय?"

मी मासळी खात्यात इतकी वर्षं होते, पण मला तो माहीत नव्हता. विचारत विचारत आम्ही दोघी गेलो.